तारीख आजचीच होती

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. मायला दर रविवारी फोनवर सगळं सांगते — पोरीचा ताप, नळाची बोंब, घरमालकाची कटकट — पण हे कधी सांगितलं नाही. सात वर्षं झाली. आज वही घेऊन बसलेय. दोनदा लिहिलं, दोनदा पान फाडलं. लिहायला कठीण असं काही नाही त्यात, चार ओळींची गोष्ट आहे. चार ओळींचीच तर आहे.

मी जिंतूरच्या पुढची. आमच्याकडे समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं निळं पान. सातवीला खारे वारे आणि मतलई वारे असा धडा होता. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. गुरुजींनी फळ्यावर बाण काढले, मी वहीत त्या बाणांना रंग दिले. त्याच वर्षी शाळा सुटली. आठवीची शाळा सात किलोमीटर लांब, एसटी दिवसातून दोनदा, आणि घरी दोन धाकटी भावंडं. कोणी मारलं नाही, कोणी रडलं नाही. माय म्हणाली, "राहू दे आता," आणि राहिलं.

लग्न होऊन मोऱ्याला आले. उरणचा हा धक्का — इथून लाँच सुटते मुंबईला, आणि बाजूलाच कोळीवाडा. नवरा बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कामाला. पहिल्याच दिवशी मला समुद्र दाखवायला घेऊन गेला, तर समोर नुसता चिखल. मी म्हणलं, "हाच का?" तो म्हणाला, "ओहोटी आहे. येईल परत." मला खरंच वाटलं की आपल्याला फसवून आणलं.

तारामावशीबद्दल आता सांगायला हवं. मी तिला टाळत टाळत इथपर्यंत आले.

आमची भाड्याची खोली तिच्या घराला लागून. अंगणात बोंबील वाळत असायचे आणि त्या वासानं मी दिवसभर ओकायचे. लाज वाटायची — लोकांच्या दारात राहायचं आणि त्यांच्याच मासळीला नाक मुरडायचं? एकदा तिनं पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उलटी वासाची नाय गो. पोटातल्या पाव्हन्याची हाय." तिला माझ्याआधी कळलं. माझं बाळंतपण तिनं केलं. मायला यायला जमलं नाही, तर हिनं सव्वा महिना रोज गरम पाण्यानं अंग शेकलं, मांदेलीचं सार करून समोर बसून प्यायला लावलं. "पी. तुमच्या दुष्काली मुलखात नाय मिलनार." तिची जीभ फार तिखट. उरणच्या बाजारात गिऱ्हाईक तिच्या टोपलीपुढं यायचं ते अर्धं मासळीसाठी आणि अर्धं शिव्या खायला. माझं माहेर चारशे-पाचशे किलोमीटर लांब होतं, आणि एका भिंतीपलीकडेही होतं. इतकं मला कोण देतं? मी काय होते तिची?

नोकरीही तिच्यामुळेच. तिच्या रेशनकार्डाचा अर्ज मी लिहून दिला, तो घेऊन ती मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीपुढं जाऊन उभी राहिली. "अक्षर बघ. आनि तुझा तो कारकून काय लिवायचा, कोंबडी नाचल्यावानी." कारकून वाशीला दुसरीकडे लागला होता. मला आधी झाडलोट आणि पाणी भरायला घेतलं, मग महिनाभरानं फलक लिहायला दिला.

तो फलक धक्क्यावर होता, सोसायटीच्या भिंतीला. काळा, चौकोनी. डाव्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं चार शब्द कायमचे रंगवलेले: वारा, लाटा, समुद्र, इशारा. त्यांच्यापुढं रोज खडूनं भरायचं. दुपारी हवामानाचं बुलेटिन यायचं, सेक्रेटरी ते मला फोनवर पाठवायचे, आणि पाचच्या आत मी ते फलकावर उतरवायचं. वर कोपऱ्यात तारीख. बोटी निघायच्या त्या पहाटेच्या ओहोटीबरोबर, म्हणून आदल्या संध्याकाळी लिहिलेलंच कामाचं.

सातवीतून उठलेली पोरगी मी, आणि मोऱ्यात सगळे मला मास्तरीण म्हणायला लागले. "मास्तरीन, आज काय बोलतो वारा?" चेष्टा असायची, पण मला ती चेष्टा नवऱ्याच्या पगारापेक्षा गोड लागायची. आणि भीतीही तेवढीच. कुणी म्हणेल का, की हिला काय येतं? एक दिवस चूक निघेल आणि परत झाडू हातात देतील? टेन्शन माझ्या हाडात आहे. गॅस बंद केला का म्हणून मी दोनदा घरी परत जाणारी बाई.

आणि तरीही — बघा — जिथं भ्यायला हवं होतं तिथंच भ्याले नाही.

दिवाळीपासून पुढं इकडचा समुद्र शहाण्यासारखा वागतो. वारा वायव्य. लाटा एक ते दीड मीटर. समुद्र मध्यम. इशारा — नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वाऱ्याचा वेग दोन आकड्यांनी इकडं-तिकडं. एकदा पोरीला बरं नव्हतं, घाई होती, म्हणून मी नुसती तारीख बदलली. काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही. मग घाई नसतानाही बदलायला लागले. फोन उघडायचा, फाइल आली एवढं बघायचं, ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून तारखेचा आकडा पुसायचा, नवा लिहायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. खाली चार ओळी तशाच, माझ्या सुंदर अक्षरात.

फलकाची खरी गरज तशी कुणाला होती? जवान पोरांच्या फोनवर सगळं येतं. त्यांच्या ग्रुपवर बुलेटिन माझ्याआधी पोचायचं. असं मी स्वतःला सांगायचे.

एका माणसाला होती. तारामावशीचा नवरा, धर्माकाका.

काका साठीच्या पुढचे. दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या, मुलगा नाही, म्हणून लहान होडी घेऊन एकटेच जायचे. फोन बटणांचा, त्यातलं फक्त हिरवं बटण त्यांना माहीत. चौथीपर्यंत शिकलेले. रोज संध्याकाळी फलकापुढं येऊन, अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. आणि सगळ्यात आधी तारीख. जुना कारकून तीन-तीन दिवस फलकाला हात लावायचा नाही, तेव्हाची ती सवय. "शिला मासा आनि शिला वारा मना चालत नाय," म्हणायचे आणि आपल्याच बोलण्यावर हसायचे. तारीख जुनी दिसली तर सोसायटीच्या दारात उभं राहून विचारायचे, विचारल्याशिवाय होडी सोडायचे नाहीत. मी आल्यापासून मात्र त्यांना विचारावं लागलं नव्हतं. तारीख रोज ताजी असायची.

त्या दुपारी मी मावशीच्या अंगणात बसले होते. बोंबील वाळून झाले होते, चार-पाच बायका जुड्या बांधत होत्या. कुणीतरी नव्या सुनेची नक्कल करत होतं, मावशीनं तिला काहीतरी अचाट शिवी दिली आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. फोन वाजला. मी पाहिलं — बुलेटिन. परत ठेवला.

पोरगी आजारी नव्हती. फोनची बॅटरी भरलेली होती. घरून वाईट बातमी नव्हती, नवऱ्याशी भांडण नव्हतं. एखादं कारण असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटतं. मी हसत होते, एवढंच.

पाचला धक्क्यावर गेले. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं, आकडा पुसला, नवा लिहिला. फाइल उघडली नाही. सेक्रेटरींचा मेसेज आला, "लिहिलं का?" मी लिहिलं, "लिहिलं भाऊ," आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं.

निघतच होते आणि काका आले. खांद्यावर टॉवेल, हातात विडी. मला घाई नव्हती, मी थांबले. त्यांनी वर बोट नेलं.

"तारीख आजची हाय नं गो?"

"हो काका. आजचीच."

"मंग झालं."

मग त्यांनी खाली वाचलं. वा-य-व्य. म-ध्य-म. ना-ही. मी शेजारी उभी होते. ते ओठ हलताना मी पाहिले आहेत. "बरा हाय," म्हणाले आणि गेले.

मी खोटं बोलले का? तारीख आजचीच होती. या एका वाक्यावर मी कितीतरी महिने लोंबकळत राहिले — तारीख तर आजचीच होती. पण उलटं बघा. त्या दिवशी मी फलकाला हातच लावला नसता — आळसानं घरी झोपले असते, कामचुकार ठरले असते — तर काकांना जुनी तारीख दिसली असती. ते सोसायटीच्या दारात उभे राहिले असते. विचारलं असतं. मी काहीच केलं नसतं तर ते वाचले असते. मी जेवढं केलं, तेवढ्यानंच गेले.

सकाळी नऊला मी सोसायटीत कामाला आले तेव्हा धक्क्यावर वाराच वेगळा होता. बोटींवरचे बावटे रोज उरणच्या डोंगराकडे फडकतात. त्या दिवशी ते मुंबईकडे तोंड करून ताठ ताणलेले होते, जसं कुणी मागून ओढतंय. पाऊस नव्हता. आकाश मळक्या पत्र्यासारखं. बाकी सगळ्या बोटी धक्क्यालाच होत्या, एकमेकींवर आपटत. लाँच बंद. खाली पाण्याजवळ माणसांचा घोळका, आणि त्यातून आवाज आला, "धर्मा गेला रं. धर्माची होडी नाय."

मी तिथंच फोन उघडला. कालची फाइल. तांबड्या अक्षरात — अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. आग्नेयेकडून सोसाट्याचे वारे. समुद्र खवळलेला ते अति खवळलेला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

आता मी ते लिहिते, ज्यासाठी ही वही घेतली. तारीख बदलली तो आळस होता. आळस कुणाकडून होत नाही? इथून पुढं मी जे केलं ते जागेपणी केलं.

सगळे पाण्याकडे तोंड करून उभे होते. फलकाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी फलकापाशी गेले. पदरानं चारही ओळी पुसल्या. कोरडाच पदर, घासून घासून. आणि तांबड्या अक्षरातलं ते सगळं खडूनं उतरवलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. माझं अक्षर त्या दिवशी सगळ्यात चांगलं आलं असेल. वरच्या तारखेला हात लावावा लागला नाही. ती कालची होती, बुलेटिनही कालचं. सगळं जुळत होतं.

पाच मिनिटांत सेक्रेटरी आले. फलक पाहिला, फोनवर फोटो काढला. आणि वळून घोळक्याला म्हणाले, "हे बघा, स्पष्ट लिहिलंय. धर्मा रोज वाचतो. वाचून गेला असेल तर लांब जाणार नाही तो, एवढा येडा नाही. खाडीतच आत कुठंतरी होडी बांधून बसला असेल."

बरोबरच होतं ना ते? इशारा वाचलेला म्हातारा माणूस बाहेर कशाला जाईल? मग शोधायला गेलेली बोट खाडीत आत गेली. पुलाखाली, तिवरांच्या आडोशाला, प्रत्येक वळणावर. दुपार झाली. मी धक्क्यावर उभी होते. मला माहीत होतं. ते बाहेर आहेत, उघड्या समुद्रात, मध्यम समुद्र समजून — हे त्या अख्ख्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं. तोंड उघडायचं होतं. "भाऊ, फलक चुकीचा होता." चार शब्द. माझ्या बाजूला तारामावशी बसली होती, माझा हात तिनं हातात घट्ट धरलेला. मी ते चार शब्द गिळले. नोकरी जाईल म्हणून? मास्तरीण म्हणणं बंद होईल म्हणून? ती हात सोडेल म्हणून. बहुतेक तेच.

दुपारनंतर बोट बाहेर वळवली. तोवर लाटा अशा होत्या की तिला अर्ध्यातून परत यावं लागलं.

सकाळीच बाहेर वळली असती तर ते मिळाले असते का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी होडी मिळाली, पालथी, खूप बाहेर. काका मिळाले नाहीत. तेव्हा मग लोकांचं बोलणं फिरलं. इशारा वाचून गेला. म्हातारपणी कशाची हाव सुटली. फलक रोज वाचायचा ते काय शोभेला? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून हळू बोलायचे, पण बोलायचे. पन्नास वर्षं समुद्रात गेलेला तांडेल, वाऱ्याला इतका जपणारा — आणि कोळीवाड्यात त्याचं नाव राहिलं ते येडेपणासाठी. पुढच्या नारळी पुनवेला सोसायटीनं मला शाल-नारळ दिला. काम चोख केलं म्हणून. ती शाल पेटीत आहे, घडी मोडलेली नाही. ती मी घेतली. हात पुढं करून घेतली.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्प राहूनच मेले असते.

पण बाराव्या-तेराव्याच्या दिवसांत मावशी एकदा भिंतीला टेकून बसली होती, आणि मी तिला चहा देत होते. ती म्हणाली, "मीच धाडला गो त्याला." मला कळेना. मग तिनं सांगितलं. आदल्या दिवशी काकांच्या जाळ्यात काही लागलं नव्हतं आणि बाजारात सगळ्यांनी तिची रिकामी टोपली पाहिली. घरी येऊन ती त्यांना बोलली होती — "लोकांच्या टोपल्या भरतात, तू बस वाऱ्याची तारीख बघत. बायकोला बाजारात हसू दे." तिची नेहमीची जीभ. पस्तीस वर्षं हेच बोलत आली होती, तेही हसण्यावारी नेत आले होते. "लिवलेला वाचला त्यानं," ती म्हणाली. "नको जाव असा लिवलेला. तरी गेला. माझ्या तोंडासाठी गेला."

चहाचा कप माझ्या हातात होता. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "मावशी, चहा गार होतोय."

त्यानंतर तिची जीभ गेली. बोलते, पण हळू, लागेल तेवढंच. बाजारात बसते, गिऱ्हाईकानं दर पाडला तरी मान डोलावते. नातू पडला-झडला तरी ओरडत नाही. पोरी म्हणतात आईनं दुःख मनाला लावून घेतलं. दुःख नाही ते. तिला वाटतं तिच्या बोलण्यानं माणूस मरतो. आणि तसं नाही हे जगात एका बाईला माहीत आहे, आणि ती बाई भिंतीपलीकडे राहते, तिच्या घरचं कालवण खाते, आणि गप्प आहे. सात वर्षं.

मी अजून फलक लिहिते. आता सगळं बुलेटिन वाचते, पहिल्या ओळीपासून. आमचा किनारा त्यात दोन ओळींचा असतो, पण मी सगळं वाचते. लक्षद्वीपला वारा किती, कन्याकुमारीच्या खाली कोमोरीनला लाटा किती, मन्नारच्या आखातात काय, अंदमानला काय, पार सोमालियाच्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला आहे का. तिथं कोण जातं मोऱ्यातून? कुणीही नाही. तरी वाचते. याला प्रायश्चित्त म्हणू नका, मी म्हणत नाही. वाचून मावशीला काही मिळत नाही.

आणि मावशी रोज संध्याकाळी फलकापाशी येते. काका गेल्यापासून एकही दिवस चुकली नाही. तिला अक्षर ओळखता येत नाही. ती उभी राहते आणि मी वाचून दाखवते, मोठ्यानं. मग ती धक्क्यावरून जाताना भेटेल त्याला सांगते — उद्या वारा असा, उद्या जाऊ नका. फोनवाली पोरं हसत नाहीत, ऐकून घेतात. वाचायला लागायच्या आधी ती एकच गोष्ट विचारते. काका विचारायचे तेच. मी उत्तर देते, "हो मावशी, आजचीच." सात वर्षं, रोज.

या महिन्यात तिची तब्येत बरी नाही. दम लागतो, धक्क्यापर्यंत यायला दोनदा बसते. परवा बसल्या बसल्या म्हणाली, "वर जाऊन त्याची माफी मागायची हाय मना."

त्या रिकाम्या माफीसाठी ती तयारी करतेय.

म्हणून हे लिहून काढलं. तोंडानं सांगायला गेले तर मी परत चहा गार होतोय म्हणेन, मला मी माहीत आहे. लिहिलेलं मात्र मी वाचू शकते. ते मला येतं. उद्या पाचला, फलक लिहून झाला की तिला पायरीवर बसवीन आणि ही वही पहिल्या ओळीपासून वाचीन. सेक्रेटरींनाही बोलावलं आहे, काय काम आहे ते सांगितलेलं नाही. पुढं ते काय करतील, ती काय करेल, ते त्यांचं.

वहीच्या पहिल्या पानावर, वर कोपऱ्यात जागा सोडली आहे. उद्या तिच्यासमोरच तारीख घालीन, कारण ती आधी तेच विचारेल.